त्यांना लांडगे म्हणू नका

आज सकाळी एका वृत्तवाहिनीवर, स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या चौघांविषयी बोलताना, निवेदकाने दहा मिनिटांत किमान सात वेळा 'लांडगे' हा शब्द वापरला. लांडग्यांची टोळी, वासनांध लांडगे, लचके तोडणारे लांडगे. मी टीव्ही बंद केला, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे की तिसरीत असताना शाळेच्या 'लाल टोपीवाली' या नाटकात मी लांडगा झाले होते. गोष्टीत लांडगा आजीला आणि लाल टोपीवाल्या नातीला गिळतो, शिकारी त्याचे पोट फाडून दोघींना वाचवतो आणि त्या पोटात दगड भरले जातात. वर्गात मी सर्वांत उंच आणि आवाजाने घोगरी, त्यामुळे लाल टोपी एका नाजूक मुलीला मिळाली आणि माझ्या वाट्याला गोणपाटाचे कातडे व आईने जुन्या लोकरीची विणून दिलेली शेपूट आली. शेवटच्या प्रवेशात माझ्या पोटावरच्या पिशवीत दगड म्हणून कागदाचे बोळे कोंबण्यात आले, आणि मी ठरल्याप्रमाणे कोसळताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मुखवट्याच्या दोन भोकांतून मला फक्त हसणारे चेहरे दिसत होते. पुढे वर्ष संपेपर्यंत मी मैदानावर आले की 'लांडगा आला रे आला' अशी आरोळी उठत असे.

हीच गोष्ट शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये छापली तेव्हा तिच्यात शिकारी नव्हता. मुलगी खाल्ली जाते आणि गोष्ट तिथेच संपते. शेवटी जोडलेल्या पद्यात पेरो तरुण मुलींना बजावतो की, गोड बोलत घरापर्यंत मागे येणारे लांडगे सर्वांत घातक असतात. म्हणजे लांडगा हे पुरुषाचे सोंग आहे हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि आजच्या निवेदकाच्या पाठीशी तीनशे वर्षांची परंपरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु त्या पद्यात ताकीद कोणाला दिली आहे? मुलीला! आणि १८१२ मध्ये जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी शिकारी आणला तेव्हा पोट कोणाचे फाडले? जनावराचे. ज्याच्यासाठी हे सारे रूपक रचले तो पुरुष मात्र दोन्ही गोष्टींतून अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर पडतो. आज सकाळीही नेमके हेच झाले, आणि माझा संताप त्याचाच आहे.

माणूस आणि लांडगा समोरासमोर आल्यावर नीच कोण ठरतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकन लेखिका विला कॅथरची १९१८ ची 'माय अँटोनिया' ही कादंबरी उघडावी. रशियातल्या बर्फाळ रात्री लग्नाचे वऱ्हाड घसरगाड्यांतून परतत असताना लांडगे मागे लागतात, एकेक गाडी मागे पडत जाते, आणि शेवटच्या गाडीचे ओझे कमी करण्यासाठी पावेल नावाचा माणूस नवऱ्या मुलाला आणि त्याच्या पाठोपाठ नवरीला खाली ढकलून देतो. लांडग्यांनी जे केले ते भुकेपोटी केले. गावाने हाकलून दिले ते पावेलला, आणि त्याच्या सख्ख्या आईनेही त्याचे तोंड पाहिले नाही. त्या गावाला माणूस आणि लांडगा यांतला फरक कळत होता.

जॅक लंडनच्या 'व्हाइट फँग' या कादंबरीमध्ये (१९०६) सुरुवातीलाच लांडगे एका माणसाचा फडशा पाडतात, हे कोणी सांगण्याआधी मीच सांगते. मात्र त्याच पुस्तकात पुढे त्याच लांडग्यांच्या वंशातल्या पिल्लाला पिंजऱ्यात कोंडून, पैजा लावून कुत्र्यांशी झुंजवणारा माणूसच असतो. आणि ज्याची मेंढरे एका रात्रीत गेली, अशा मेंढपाळाने हे वाचून मला चार शब्द सुनावले, तर मी निमूटपणे ऐकून घेईन. वृत्तनिवेदकाचे ऐकणार नाही.

टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मधली लांडग्याची शिकार मी कॉलेजात असताना वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कुत्र्यांनी लांडग्याला खाली पाडलेले पाहण्याचा तो क्षण शिकारीला आलेल्या तरुण निकोलाय रोस्तोव्हला आयुष्यातला सर्वांत सुखाचा वाटतो. नंतर लांडग्याच्या तोंडात काठी अडकवून, पाय बांधून त्याला आणले जाते, सारे भोवती जमून बघतात, आणि तो त्या सगळ्यांकडे नुसता पाहत राहतो. मुखवट्याच्या भोकांतून मी पाहिले होते ते चेहरे मला त्या पानावर पुन्हा दिसले. माझ्या पोटात तर कागदच होते.

आपल्याकडे फार जुनी एक कथा आहे, जी या निवेदकांना कोणीतरी सांगायला हवी. ऋग्वेदात ऋज्राश्व नावाचा एकजण एका लांडगिणीला शंभर मेंढे देऊन टाकतो, म्हणून त्याचा बाप त्याला आंधळा करतो. आणि त्याला दृष्टी मिळावी म्हणून अश्विनीकुमारांना साद घालते ती लांडगीण. डोळे फोडणारा बाप आणि डोळे मागणारे जनावर! रशियन लेखक चेखॉव्हच्या एका कथेतली म्हातारी, अशक्त लांडगीण तर कोकरू समजून अंधारात कुत्र्याचे पिल्लू उचलते, आणि ते बावळट पिल्लू सोडून दिल्यावरही तिच्या मागेमागे जाऊन तिच्या बछड्यांशी खेळत बसते. पुन्हा शिकारीला गेल्यावर त्याच्याच भुंकण्यामुळे तिला रिकाम्या तोंडाने परतावे लागते, आणि सकाळी छप्पर मोडल्याबद्दल म्हातारा राखणदार मार देतो तो त्या पिल्लाला. ही कथा आठवली की माझा राग थोडा निवळतो.

थोडाच. लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते, आणि आपण त्यांचे नाव कोणाला देतो आहोत? त्या चौघांना नावे आहेत, आडनावे आहेत, आज रात्रीही त्यांना निर्दोष म्हणणारे नातेवाईक आहेत. खाली प्रतिक्रिया लिहिताना कोणीही त्यांना लांडगे म्हणू नये, मी ती प्रतिक्रिया काढून टाकीन. आईने विणलेली शेपूट अजून माझ्या कपाटात आहे.