कारखाने शेजारी बसवले म्हणून क्लस्टर होत नाही

औद्योगिक क्लस्टर म्हणजे एकाच धंद्यातले कारखाने आणि त्यांचे पुरवठादार एका भागात एकवटणं. त्याबद्दलचा एक दावा सध्या सगळीकडे फिरतो. थोडक्यात तो असा: मागास भागात मोठी जागा घ्या, रस्ते आणि वीज द्या, शेजारी एक विद्यापीठ काढा, एखादी बडी कंपनी आणा आणि दहा वर्षांची करमाफी जाहीर करा. सुटे भाग बनवणारे, वाहतूकदार, नवे उद्योजक आपसूक गोळा होतील. एकदा जम बसला की पुढच्या पिढ्यांच्या रोजगाराची चिंता मिटली. सोबतीला कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीचा दाखला असतोच.

यातलं खरं काय ते आधी मान्य करू. एकाच धंद्यातली माणसं जवळजवळ राहिली की फायदा होतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच मांडलं होतं. कामगाराने एक मालक सोडला तर दुसरा मिळतो, मालकालाही कसबी माणूस शोधत हिंडावं लागत नाही. यंत्रं, सुटे भाग, दुरुस्ती पुरवणाऱ्यांना पुरेसं गिऱ्हाईक मिळतं. आणि धंद्यातल्या खाचाखोचा कानोकानी पसरतात. ही तिन्ही कारणं आजही खरी आहेत. पण ती माणसांच्या आणि माहितीच्या ये-जेबद्दल आहेत. दोन कारखान्यांच्या मध्ये फक्त एक भिंत असूनही ही ये-जा शून्य असू शकते, आणि फिरणारा दावा नेमका इथेच घसरतो.

“सिलिकॉन व्हॅली अशीच घडवली गेली”

घडवणारे हात होते, यात शंका नाही. तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये आपल्या जमिनीवर औद्योगिक पार्क काढलं, तिथले अभियांत्रिकीचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांनी विद्यार्थ्यांना कंपन्या काढायला लावल्या. दावा करणारे इथेच थांबतात. त्यांच्या गोष्टीत गिऱ्हाईक नसतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटिग्रेटेड सर्किट (म्हणजे आजच्या भाषेत चिप) इतकी महाग होती की ती विकत घेणारे मोठे ग्राहक म्हणजे अमेरिकेची अपोलो चांद्रमोहीम आणि मिनिटमन क्षेपणास्त्र. किंमत कितीही असो, माल चालला पाहिजे, असं म्हणणारा हा खरेदीदार. त्याच्या जोरावर कंपन्या उत्पादन शिकल्या आणि मग किमती उतरल्या. अशी खात्रीची मागणी कुठल्याही औद्योगिक पट्ट्याच्या नकाशावर आखता येत नाही.

दुसरी गोष्ट योगायोगाची. ट्रान्झिस्टरच्या शोधातले एक भागीदार विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढली. तो भाग निवडण्यामागे त्यांची आई जवळच पालो आल्टोला राहत होती, हेही एक कारण सांगितलं जातं. माणूस हुशार, पण त्याच्या हाताखाली काम करणं कठीण. १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली. त्यांतल्याच रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल ही चिप कंपनी काढली. हे शक्य झालं, कारण नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी बंदी घालणारे करार कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १८७२ पासून जवळपास निरर्थक ठरतात. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयटी हे नामांकित तंत्रविद्यापीठ होतं, पैसा होता, संरक्षण खात्याची कंत्राटंही होती. पण तिथली न्यायालयं असे करार मान्य करत, आणि बोस्टनभोवतीच्या मोठ्या कंपन्या माहिती घराबाहेर जाऊ देत नसत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो पट्टा मागे पडला. याला एकटा कायदा कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण करमाफीचे आकडे तोंडपाठ असलेल्यांना हा कायदा ठाऊक नसतो, हे मात्र खरं.

शिवाय ही प्रतिकृतीची परीक्षा एकदा झालेली आहे, तीही खुद्द टर्मन यांच्या हातून. १९६० च्या दशकात न्यू जर्सीतल्या कंपन्यांनी त्यांना बोलावलं: आमच्याकडेही तसंच उभं करा. बेल लॅब्जसारखी संशोधनसंस्था तिथे होती, बडे उद्योग होते. योजना कागदावरच राहिली. त्या कंपन्या एकमेकींशी हातमिळवणी करायलाच तयार नव्हत्या.

“एक बडी कंपनी आणा, बाकीचे मागोमाग येतील”

या वाक्याची सगळ्यात मोठी परीक्षा दक्षिण इटलीत झाली. १९५० मध्ये तिथे विकासनिधी स्थापन झाला आणि १९८४ पर्यंत चालला. १९५७ च्या कायद्याने सरकारी मालकीच्या उद्योगांना नव्या गुंतवणुकीपैकी ६० टक्के दक्षिणेत करणं बंधनकारक केलं. तारांतोला १९६५ मध्ये प्रचंड पोलाद कारखाना सुरू झाला, नेपल्सजवळ अल्फा रोमिओचा मोटार कारखाना आला. दक्षिणेची वाढ झालीच नाही असं नव्हे, १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तरेशी असलेली दरी कमीही होत होती. पण पोलाद कारखान्याभोवती जे जोडधंद्यांचं जाळं विणलं जायचं होतं, ते विरळच राहिलं. इटालियन लोकांनी अशा कारखान्यांना ‘वाळवंटातली कॅथेड्रल’, म्हणजे ओसाड जागी उभी भव्य चर्चं, हे नाव ठेवलं.

कारण समजायला अवघड नाही. दूरवरच्या मुख्यालयातून चालणारा कारखाना आपली खरेदीही तिथूनच करतो. कच्चा माल जहाजाने येतो, यंत्रं उत्तरेतून, व्यवस्थापकही उत्तरेतून. स्थानिकाला काय मिळतं? पगार, आणि फार तर साफसफाईचं नि पहाऱ्याचं कंत्राट. पगार महत्त्वाचा आहेच. पण पगारातून उद्योजक तयार होत नाही.

अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन चिनिट्झ यांनी १९६१ मध्ये पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्कची तुलना करताना याच्याही पुढचा मुद्दा मांडला. पिट्सबर्गसारख्या मोठ्या पोलाद कंपन्यांच्या शहरात छोट्या उद्योजकाला रुजायला वावच मिळत नाही. बडी कंपनी वाहतूक, दुरुस्ती, साठवण सगळं स्वतःच करते, त्यामुळे या सेवा बाहेर विकत मिळत नाहीत. बँकांना मोठ्या खातेदारांची सवय, म्हणून नवख्याला कर्ज अवघड. पगारदार व्यवस्थापकाच्या घरातलं मूल दुकान काढण्याची स्वप्नंही कमी बघतं. म्हणजे बडी कंपनी छोट्यांना ओढून आणतेच असं नाही, कधी कधी ती त्यांना उगवूच देत नाही.

याच्या अगदी उलट त्याच इटलीतलं प्रातो हे लोकरी कापडाचं शहर. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या लोकरी गिरण्या अडचणीत आल्या आणि त्यांनी आपले माग आपल्याच विणकरांना विकले. कालचा कामगार आज कंत्राटावर विणून देणारा छोटा मालक झाला. कोणी फक्त सूत कातायचं, कोणी फक्त रंगवायचं, आणि ऑर्डर मिळवून सगळ्यांना काम वाटून देणारा एक मध्यस्थ. मोठ्या कंपन्या मोडल्यावर हा जगप्रसिद्ध क्लस्टर वाढला, हे दाव्याच्या समर्थकांनी जरा पचवून पाहावं.

“सवलती दिल्या की उद्योग येतो आणि राहतो”

यावर एकच उदाहरण पुरेल. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १० अब्ज डॉलर गुंतवून १३,००० नोकऱ्या देण्याची घोषणा केली. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या, जागेसाठी लोकांची घरं घेतली गेली. २०२१ च्या सुधारित करारात आकडे उरले: १,४५४ नोकऱ्या, ६७.२ कोटी डॉलर गुंतवणूक, ८ कोटी डॉलरच्या सवलती. सवलती नोकरभरतीशी बांधलेल्या होत्या म्हणून राज्याचे पुष्कळसे पैसे वाचले. रस्ते, पाणी आणि जमिनीवर झालेला खर्च मात्र परत येत नसतो.

“एकदा जम बसला की चिंता मिटली”

अमेरिकन मोटार उद्योगाचं केंद्र असलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये ७ लाख १४ हजार. पुष्कळ जण नुसते उपनगरांत गेले, हे खरं आहे. तरी २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, याला उपनगरं पुरेसं उत्तर नाहीत.

पण मला याहून शिकवणारं उदाहरण स्विस घड्याळांचं वाटतं. डेट्रॉइटला निदान परक्यांनी गाठलं असं म्हणता येतं. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळाचा नमुना तर १९६७ मध्ये न्यूशातेलच्या स्विस प्रयोगशाळेतच तयार झाला होता! ज्ञान घरात होतं. सेइको या जपानी कंपनीने १९६९ च्या अखेरीस क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं, आणि तरीही स्विस कारखानदार यांत्रिक घड्याळांनाच चिकटून राहिले. शेकडो छोट्या कारखान्यांची सगळी कसबं, सगळे पुरवठादार, सगळा अभिमान दातेरी चाकांत गुंतलेला होता. १९७० मध्ये या उद्योगात सुमारे ९०,००० माणसं होती, १९८० च्या दशकाच्या मध्याला तीस हजारांच्या थोडी वर. जी जवळीक कसब पसरवते तीच चुकीची खात्रीही पसरवते: शेजारी, पुरवठादार, सावकार सगळे एकच गोष्ट सांगत असतात. १९८३ मध्ये स्वॉच हे स्वस्त स्विस क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि उद्योग सावरला, पण तोवर हजारो कुटुंबांचं नुकसान होऊन गेलं होतं.

“मग सरकारने हात बांधून बसायचं का?”

हा प्रश्न हटकून येतो आणि रास्त आहे. नाही, बसू नये. तैवानमधलं सिनचूचं चिप-उद्योगाचं केंद्र सरकारनेच उभं केलं. मात्र क्रम पाहा. १९७३ मध्ये संशोधनसंस्था, १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीकडून तंत्रज्ञान घेण्याचा करार आणि तरुण अभियंत्यांना शिकायला अमेरिकेत पाठवणं, मग १९८० मध्ये सायन्स पार्क, आणि टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी १९८७ मध्ये. जागा तिसऱ्या पायरीवर आली. पहिल्या कंपन्यांत जाऊन बसायला शिकलेली माणसं आधीच तयार होती.

पाकिस्तानातल्या सियालकोटची गोष्ट अजून छोट्या प्रमाणावरची आहे. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे तिथले शेकडो कारखाने १९९४ मध्ये अडकले, कारण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून आयात रोखली. एकेकट्या छोट्या कारखानदाराला गुणवत्तेची पद्धत बसवणं झेपणारं नव्हतं. त्यांच्या संघटनेने सरकारची मदत घेऊन सल्लागार आणले, सभासदांना प्रशिक्षण दिलं आणि बाजार परत मिळवला. पुढे तिथल्या निर्यातदारांनी आपल्या पैशांतून विमानतळ बांधला, तो २००७ मध्ये सुरू झाला. धंदा आधीपासून होता. एकट्याला न पेलणारं काम एकत्र येऊन झालं.

मलेशियातल्या पेनांगने १९७२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र काढलं आणि इंटेलसारख्या कंपन्या जुळणीच्या कामासाठी आल्या, म्हणजे सुरुवात अगदी फिरणाऱ्या दाव्यासारखीच. फरक पुढे पडला. १९८९ मध्ये राज्य सरकार आणि कंपन्यांनी मिळून कौशल्य केंद्र उभारलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे कामगार तिथे एकाच वर्गात, एकाच यंत्रावर शिकायला लागले. त्यांतले काही जण नंतर नोकरी सोडून त्याच कंपन्यांना साचे आणि सुटे भाग पुरवू लागले.