बेळगाव म्हणजे छिटमहाल नव्हे

सध्या कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. एका निवृत्त राजदूतांचं एका विद्यापीठात व्याख्यान झालं. त्यांचा फोटो, वर भगवी पट्टी आणि खाली त्यांच्या नावावर चार दावे. भारत-बांगलादेशाने एका रात्रीत गावं बदलली, मग महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न का सुटत नाही? तिथे लोकांना विचारलं, इथेही सार्वमत घ्या. दिल्ली ऐकत नसेल तर कुलभूषण जाधवांसारखं हेगला जा. आणि माजी राजदूतच असं म्हणतात म्हणजे केंद्राचं मन वळलंय. शेवटी नेहमीचं: खरे मराठी असाल तर दहा जणांना पाठवा.

सीमाभाग महाराष्ट्रात जावा असं मलाही वाटतं. म्हणूनच हा मेसेज खटकला.

हेगचं आधी उरकू. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त सार्वभौम देश दावा लावू शकतात. जाधवांचा खटला भारत विरुद्ध पाकिस्तान असा होता, आणि मुद्दा होता वकिलातीशी संपर्काच्या हक्काचा. महाराष्ट्र हा देश नाही. आपली मागणी 1956 पासून एकच आहे: देश तोच, राज्य बदला. हेगचं नाव काढलं की समोरच्याच्या हातात ‘हे फुटीर’ म्हणायला आयतं कोलीत.

आता ती एक रात्र. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री 162 छिटमहालांची, म्हणजे दुसऱ्या देशाच्या पोटात अडकलेल्या तुकड्यांची, अदलाबदल झाली हे खरं. भारताचे 111 बांगलादेशाच्या पोटात, त्यांचे 51 आपल्या. पण त्याआधीचं काय? 1958 चा नेहरू-नून करार, पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीवरून 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं मत, नववी घटनादुरुस्ती, 1974 चा इंदिरा-मुजीब करार, 2011 चा पूरक करार आणि शेवटी 2015 ची शंभरावी घटनादुरुस्ती. त्या रात्रीमागे 57 वर्षं आहेत. आपल्या वाट बघण्याला नावं ठेवायला हे उदाहरण कामाचं नाही.

गंमत म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याच्या हातून आपल्या सोयीचा मुद्दाच निसटला. तिथे जमीन देशाबाहेर जात होती, म्हणून घटनादुरुस्ती आणि दोन तृतीयांश मतं लागली. दोन राज्यांमधली सीमा बदलायला कलम 3 नुसार संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित विधानसभांचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. म्हणजे कागदावर आपलं काम सोपं आहे. अडलंय ते दिल्लीला कुणालाच दुखवायचं नाही म्हणून. शिवाय 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.

आणि छिटमहाल म्हणजे चारी बाजूंनी परक्या मुलुखाने वेढलेला तुकडा. आपला दावा नेमका उलटा आहे. खेडं हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या बघा, आणि भूभाग सलग आहे का ते बघा. बेळगुंदीकडची शिवारं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याला भिडलेली आहेत, हे आपण किती वर्षं सांगतोय. केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये 264 गावं महाराष्ट्राला सुचवली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, त्यावर आपला आक्षेप याच निकषांवरून आहे. मग आपणच आपल्या गावांना बेटं म्हणायचं?

सार्वमताचं तर पूर्ण उलटं सांगितलंय. छिटमहालातल्या लोकांना जमीन कुठे जावी हे विचारलंच नव्हतं, ते आधीच ठरलं होतं. विचारलं ते नागरिकत्व कुठलं हवं एवढंच. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहालांतून भारतात यायला हजारभर माणसंही तयार झाली नाहीत. घर, शेत, विहीर सोडून कोण येणार? हाच नियम इथे लावला तर त्याचा अर्थ ‘महाराष्ट्र हवा तर बिऱ्हाड घेऊन चंदगडला जा’ असा होतो, आणि हे आपल्याला चौकाचौकांत फुकट ऐकायला मिळतंच.

सार्वमताचा खरा दाखला हवा असेल तर चोर्ला घाटापलीकडे आहे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, त्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला. महाराष्ट्रात विलीन होण्याची बाजू 34,021 मतांनी हरली. इथे काय होईल? 2021 च्या बेळगाव महापालिका निवडणुकीत 58 पैकी 35 जागा भाजपने घेतल्या, विलीनीकरणवाद्यांनी नव्हे. गटार-रस्त्याचं मत म्हणजे सीमेचं मत नव्हे, हे मला मान्य. पण समोरचा पहिला हाच आकडा फेकणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

राहिला केंद्राच्या मनाचा मुद्दा. निवृत्त अधिकारी स्वतःचं मत मांडतो, सरकारचं नव्हे. त्यातून परराष्ट्र सेवेचा राज्यांच्या सीमांशी संबंध नाही, तो विषय गृहखात्याचा. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत पाहिलं. छिटमहालांची गोष्ट त्यात आहे, पण शेजारी देशाशी वाटाघाटी कशा होतात हे समजावण्यासाठी. बेळगावचं नाव एकदाच येतं, तेही मागच्या रांगेतल्या एका मुलाने प्रश्न विचारला तेव्हा. ‘हा अंतर्गत विषय आहे आणि न्यायालयात आहे,’ एवढं बोलून त्यांनी पुढचा हात वर केलेल्याकडे बघितलं. मेसेजसोबतच्या क्लिपमध्ये हे वाक्य कापलंय.

डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. त्यानंतर 14 डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कुणी दावे करू नयेत असं तिथे ठरलं. मोठ्या नेत्यांच्या नावाने चालवलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वातावरण तापवलं, हेही शहांनी त्याच वेळी सांगितलं. त्या दगडांनी काचा फुटल्या त्या गाड्यांचे ड्रायव्हर आपलेच होते.