रिपोर्ट वाचायचाच नव्हता तर मागवला कशाला?

काल संध्याकाळी आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा) घेऊन दवाखान्यात गेले. तीन दिवस वाट बघून मिळालेला. डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली, "ई. कोलाय आहे," म्हणाले आणि घडी घालून परत दिला. "तीच गोळी अजून पाच दिवस चालू ठेवा."

तीच म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन! मी तिथेच घडी उलगडली आणि बोट ठेवून दाखवलं. सिप्रो आर, नॉरफ्लॉक्स आर, सेफिक्झिम आर, म्हणजे या जंतूवर ही औषधं चालत नाहीत. त्याखाली नायट्रोफ्युरँटॉइन एस, फॉस्फोमायसिन एस, म्हणजे ही चालतात. तर म्हणे, "ताई, उपचार रिपोर्टवर नाही, पेशंटवर करतात." अहो, मग पेशंटकडे बघा ना! ६८ वर्षांची बाई रात्री सात-सात वेळा उठतेय, भिंत धरत बाथरूमपर्यंत जातेय आणि आम्हाला कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून आत नळ सोडून बसतेय.

नमुना खरं तर गोळी सुरू करायच्या आधी घ्यायचा. इथे चार दिवस गोळ्या खाऊन झाल्यावर सुचलं. तरी जंतू लाखाच्या वर! गोळी काय काम करतेय ते त्या आकड्यावरूनच कळत होतं.

आणि मेडिकलवाले? गेल्या वर्षी मला जळजळ झाली तेव्हा चिठ्ठी न मागता सेफिक्झिमच्या सहा गोळ्या कापून हातात दिल्या. २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत आहे, देताना रजिस्टरात डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं. माझं नाव कोणी विचारलंसुद्धा नाही. वर सल्ला, "पाणी कमी पिता तुम्ही बायका." बाईला जाता येईल असं एक तरी स्वच्छतागृह दाखवा बाजारात, मग पाण्याचं बोला.

आज सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. ताप येतो का, थंडी वाजते का, कमरेच्या वर पाठीत दुखतं का, सगळं विचारलं. जुनं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) बघितलं, कारण किडनीपर्यंत संसर्ग गेला असेल किंवा किडनी कमजोर असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन चालत नाही. मग नायट्रोफ्युरँटॉइनच लिहिली, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

या दहा मिनिटांसाठी आईने आठ दिवस काढले. त्या पहिल्या दवाखान्यातली तिची फाईल मी उद्या परत आणणार आहे, कागदन् कागद.