खुब्याचं नवं दुखणं अंगावर काढू नका

ऑपरेशन करून कृत्रिम खुबा बसवल्यावर काही काळ दुखणारच, असं या विषयावरच्या एका लेखात म्हटलंय. पहिल्या काही महिन्यांपुरतं ते खरं आहे. पण चांगलं चालू लागल्यावर दुखणं नव्याने सुरू झालं तरी हेच उत्तर मिळतं, ते मला अजिबात पटत नाही. इथे इंदूरला राजेंद्रनगरात माझ्या सासूबाईंना तसंच झालं. जांघेत कळ यायची आणि जो तो म्हणायचा, वय झालं, चालायचंच.

दुखतं कुठे ते डॉक्टरांना नेमकं सांगा. जांघेत असेल तर कृत्रिम खुब्याची वाटी सैल झाल्याची शंका घेतात. खुर्चीतून उठून पहिली पावलं टाकताना मांडीत कळ आली तर मांडीच्या हाडात बसवलेला दांडा सैल झाल्याची. ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपल्यावर बाहेरून दुखणं बहुधा स्नायूंचं असतं, आणि कधीकधी मूळ मणक्यातच निघतं. ताप असेल, जखम पाझरत असेल तर मात्र थांबू नका. घरच्या घरी अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका. त्यामुळे नंतर सांध्यातलं पाणी तपासलं तरी जंतू बरेचदा सापडत नाहीत.

आणखी एक. धातूवर धातू घासणारा, डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातून कोबाल्ट, क्रोमियम हे धातू रक्तात उतरत होते. आपल्या देशातही तो अनेकांना बसवलेला होता. म्हणून फाइलमधलं इम्प्लांटचं, म्हणजे बसवलेल्या सांध्याचं, स्टिकर जपा, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. नसेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन मागून घ्या.