पाहुण्यांना गोव्यात का ठेवू?

येत्या फेब्रुवारीत माझ्या लेकीचं लग्न मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी आहे. जावई डच, त्याच्याकडची एकतीस माणसं येणार. कुठे राहायचं, काय बघायचं, काय खायचं, हे लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण इकडे नेदरलँड्समधल्यांच्या लेखी मी तिथली. यादी तयार करून आधी घरच्यांना पाठवली. दहा मिनिटांत चुलतभावाचं, दादाचं उत्तर आलं : "हय काय आसा बघूक? सगळ्यांका गोव्यात ठेव, लग्नाक तेवढे गाडीन हाड." दादाच्या उत्तराखाली एकेकाने होकार भरला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला ते फार लागलं. चार दिवस झाले, स्वयंपाक करताना, सायकलवर, ट्रेनमध्ये, तेच वाक्य डोक्यात फिरतंय. सिंधुदुर्ग 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, 2023 मध्ये शेजारी गोव्यातला मोपा. आणि एवढं होऊनही आपल्या लेकीच्या लग्नाचे पाहुणे आपणच शेजारच्या राज्यात मुक्कामाला पाठवायचे? दुसरीकडे घरातलीच एक वहिनी म्हणते की पाहुणे नकोतच, तारकर्लीला सुट्टीत गाड्या वाळूत घालतात, बाटल्या टाकून जातात. तिचा राग मला समजतो. पण 'काहीच नाही' आणि 'कुणीच नको' या दोन टोकांमध्ये आपलं गाव आहे, आणि तेच मला दाखवायचं आहे.

आम्ही दर मे महिन्यात टेक्सेलला जातो. डेन हेल्डरहून वीस मिनिटांची फेरी. बेटावर मेंढ्या, वाळूच्या टेकड्या, एक लाल दीपगृह आणि अखंड वारा. पण 'इथे काय आहे' असं बोलणारा माणूस मला तिथे अजून भेटलेला नाही. ती फेरी चालवणारी टेसो कंपनी 1907 मध्ये बेटावरच्यांनीच काढली आणि तिचे बहुतेक शेअर आजही त्यांच्याच हातात आहेत. उलट ॲमस्टरडॅमने माणसं आवरायला 2024 पासून हॉटेलच्या खोलीवर साडेबारा टक्के कर लावलाय. आधी गर्दी बोलवायची आणि मग तिला हाकलायची, हा मार्ग कुठे जातो ते मी रोज बघते. आपल्याकडे मात्र अजून निवडायला वाव आहे.

आणि सगळ्यांनी मिळून धरलेली वस्तू आपल्याकडे नाही का? रापण आहे की. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढतात, पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतलेले, सगळं अंग मागे झुकलेलं. जाळ्याची पिशवी जवळ आली की पाणी आधी चंदेरी होतं आणि मग उकळल्यासारखं दिसतं. मासळीचे वाटे पडतात. लहानपणी मी दोराला नुसता हात लावला तरी ओंजळभर तारल्या परकरात पडायच्या. पाहुण्यांसाठी माझ्या यादीत हे पहिलं आहे. पहाटे उठा, दोर धरा.

बाकी यादी अशी. मोपाला उतरलात की उत्तरेकडे वळा, बांद्यावरून सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवतात, तिथे अर्धा दिवस द्या. दशावतारी संचात 120 गोल पानं असतात, प्रत्येक अवताराची बारा. खुर्ची ओढून रंगवणाऱ्याच्या बाजूला बसा, कुंचल्याचं टोक बघा. पिंगुळीला चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी बघा. ठाकर समाजाने ही कला जपली, आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. धामापूरचा तलाव 1530 च्या सुमाराचा आहे, 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. पण तिथे जायचं ते भगवतीच्या देवळामागच्या पायऱ्यांवर गप्प बसायला. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीनेच जा आणि महाराजांच्या हाताचा ठसा बघा. ओले काजू तेव्हा नुकते आलेले असतील, त्यांची उसळ सोडू नका. एका रात्री जत्रेतला दशावताराचा नाट्यखेळ. विहीणबाईंनी तो किती वाजता सुरू होतो असं विचारलंय. पालखी झाल्यावर, असंच मी लिहिलंय.

स्कूबा मी मुद्दाम घातलं नाही. किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर पडतात, ते मला बघवत नाही.

ही यादी पुतण्याने नीट वाचली. त्याने फोन केला. "आते, यादी बरी आसा. पण रापण आता आपल्या गावात कोण घालीत नाय. बाजूच्या गावात इचारूक होया." मग जरा थांबून म्हणाला, "आणि गोव्याचा दादान सांगल्यान ता तुझाच बघून."

त्यावर मला काही बोलता येईना, कारण ते खरं आहे. गेल्या दोन्ही खेपांना मी स्वतः गोव्यात हॉटेल घेतलं होतं. लाईट जाते, डास असतात, न्हाणीघर मागच्या पडवीत, मुलांना झोप येत नाही, ही कारणं मी तेव्हा सगळ्यांना सांगितली. आईच्या वर्षश्राद्धाला मी सकाळी गाडीने आले आणि काळोख पडायच्या आत परत गेले. दादा खळ्यात उभा होता. 'रवतलंस नाय?' एवढंच त्याने विचारलं. परदेशातून येणाऱ्या माणसाला कुठे ठेवायचं, हे त्याने माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं, आणि मी चार दिवस त्याच्यावर चिडून होते.

दादाला मी फोन केला. आम्ही दोघं याबद्दल काहीच बोललो नाही. माडीवर किती गाद्या मावतील, ते मोजलं. मी आईच्या खोलीत झोपणार. पाहुण्यांसाठी गावात नि शेजारी मिळून आठ घरं झाली आहेत.

काल उत्रेख्तला जावयाच्या वाढदिवसाला सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले होते. लग्नाच्या सकाळी दादा देवासमोर गाऱ्हाणं घालील, तेव्हा प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे मी सगळ्यांना शिकवत होते. विहीणबाईंना तिसऱ्यांदा नीट जमलं. त्यांनी ओळींचा अर्थ विचारला. आमच्या गाऱ्हाण्यात एक ओळ असते : जी लेकरा परमुलखात आसत, तेंका सांभाळ, सुखरूप घराक हाड. लहानपणी मला ती मुंबईच्या काकांसाठी वाटायची. मी त्यांना तिचा अर्थ सांगितला आणि म्हटलं, ही माझ्यासाठी आहे.