आजीबाईंचे ‘नै’

परवा लुत्रोहून सुटणारी दिवसाची शेवटची बोट माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि घरचे सगळे त्याचे खापर माझ्याच डोक्यावर फोडत आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

लुत्रो हे ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे चिमुकले गाव. तिथे मोटारीचा रस्ताच नाही. बोटीने यावे, नाहीतर डोंगरकडेच्या पायवाटेने घाम गाळत. पांढरी घरे आणि निळ्या खिडक्या फोटोत दिसतात तशाच आहेत, त्यामुळे त्यांबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती धक्क्यावर काळा पोशाख घालून शेंगांचे देठ खुडत बसलेल्या आजीबाईंबद्दल. आम्हाला होरा स्फाकिया या बंदराला जायचे होते, म्हणून मी समुद्राकडे बोट दाखवून विचारले, “होरा स्फाकिया? बोट? आज?” मान किंचित कलती करून त्या म्हणाल्या, “नै, नै.” आता आमच्याकडे तीन पिढ्या ‘नाही’ला ‘नै’च म्हणत आल्या आहेत. खात्रीसाठी “उद्या?” असे विचारले, तर त्यांनी भुवया उंचावल्या, हनुवटी वर केली, जिभेने ‘च्च’ केले आणि म्हणाल्या, “ओही.” मराठी कानाला हे ‘हो की’ म्हटल्यासारखेच वाटते. आज नाही, उद्या आहे, असा निष्कर्ष काढून मी खानावळीत फावा मागवला, म्हणजे आपले घट्ट वरणच, फक्त वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल. न मागता आलेल्या पावाचे पैसे वेगळे लागले, ते असो.

तेवढ्यात बोट आली, तिने पुढचा जबडा उघडून माणसे गिळली आणि जबडा मिटायला घेतला. सौ. म्हणाली, “अहो, ती आपली तर नव्हे?” तिकडे आजीबाई शेंगा सांडत उभ्या राहून बोटीकडे हात करत “नै! नै! नै!” असे ओरडत होत्या आणि मी त्यांना नम्रपणे हात जोडून सांगत होतो, की कळले हो, नाही म्हणून कळले.

ग्रीकमध्ये ‘नै’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही, हे खोलीच्या मालकाने दुसऱ्या रात्रीचे पूर्ण भाडे मोजून घेतल्यावर सांगितले. २८ ऑक्टोबर १९४० रोजी ग्रीसने इटलीच्या मुसोलिनीची सैन्य आत येऊ देण्याची मागणी धुडकावली, म्हणून त्या दिवशी तिथे ‘ओही’ची सुट्टी असते, मुसोलिनी सदाशिव पेठेतला असता, तर आभार मानून थेट आत शिरला असता. हानिया शहरातल्या हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले, त्यावर मात्र मला अजून विनोद सुचलेला नाही.

रात्री आजीबाई राकी या तिथल्या दारूची बाटली घेऊन आल्या. मी दोन्ही हात हलवत “नै, नै” म्हणालो आणि त्यांनी पेला काठोकाठ भरला.