‘कोणी जबरदस्ती केली होती?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बुधवारी रात्री आठ’ या माझ्या मागच्या लेखावर ‘जुना गिरगावकर’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. १९५०च्या दशकात गिरगावातल्या चाळींमध्ये ‘लोक काय म्हणतील’ या धाकाखाली माणसं, त्यातही बायका, कशा अंग चोरून जगल्या, ते मी त्या लेखात लिहिलं होतं. गिरगावकरांचं म्हणणं थोडक्यात असं : चाळीने माणसं जोडली आणि मी तिला बदनाम करते आहे. माझा चष्मा पाश्चात्त्य आहे. आकाशवाणीबद्दल मी चूक लिहिलं. त्या काळची माणसं संस्कार स्वखुशीने पाळत होती, ‘कोणी जबरदस्ती केली होती?’ आणि शेवटी, ‘बाई, फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना चाळ काय कळणार? घरचं दुखणं चाळीच्या माथी मारू नका.’

आधी त्या ‘बाई’बद्दल. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांनी, पालकांनी, शिपायांनी मला बाईच म्हटलं. त्यामुळे या शब्दात आदर कधी असतो आणि ‘गप्प बसा’ कधी असतं, ते मला पहिल्या अक्षराला कळतं. तुमच्या ‘बाई’त आदर नव्हता. आणि फ्लॅट? माझा जन्म १९४५चा, गिरगावातल्याच चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरचा. दहा बाय बाराची खोली, आम्ही नऊ माणसं, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास आणि सकाळी बादली घेऊन रांग. तेवीस वर्षं मी तिथे काढली. तुम्ही किती काढली, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच दिसलं नाही.

एक चूक कबूल करते. केसकरांनी सिनेसंगीतावर ‘बंदी घातली’ असं मी लिहिलं, ते ढोबळ झालं. बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व प्रसारण मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना कात्री लागली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं बंद झालं. त्यावर निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. तेव्हा बंदी नव्हे, भांडण म्हणा. रेडिओसमोर बसलेल्याला काय फरक पडला? गाणी गेली ती गेलीच, आणि १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती येईपर्यंत रेडिओ असलेली घरं गाण्यांसाठी रेडिओ सिलोन लावत राहिली. दुरुस्तीबद्दल आभार. ती ‘अभ्यास करून लिहीत जा’ हे न जोडताही करता आली असती.

आता तुमचं ते वाक्य. ‘कोणी जबरदस्ती केली होती?’

कोणीच नाही. मी लेखात तेच सांगत होते, पण तुम्ही लेख नीट वाचलेला दिसत नाही.

माझी आत्या १९४९ साली बावीसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिचं केशवपन झालं नाही, तिला कोणी उपाशी ठेवलं नाही, माझ्या आजोबांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. दिवसभर ती शिवणयंत्रावर मजल्यावरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. चौपन्न साली मी नऊ वर्षांची होते. आमच्या मजल्यावर एकच रेडिओ, शेजारच्यांकडे. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोनवर सिनेगीतांची बिनाका गीतमाला लागली की आत्या वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत जायची. कपडे संध्याकाळीच काढून झालेले असायचे, म्हणून ती एक टॉवेल बरोबर घेऊन जायची. तो कठड्यावर पसरायचा, घडी करायची, पुन्हा उलगडायचा, पुन्हा घडी. शेजारच्या दारातून दिव्याचा पट्टा बाहेर पडायचा, त्याच्या अलीकडे ती उभी राहायची. उजेडात कधी नाही. निवेदक अमीन सयानींचा आवाज खरखरीतून वर यायचा आणि टॉवेलावरचे तिचे हात थांबायचे.

महिना-दीड महिना हे चाललं. मग एका दुपारी समोरच्या खोलीतल्या काकू विरजण मागायला आल्या आणि जाता जाता आजीला म्हणाल्या, ‘वन्सं हल्ली बुधवारच्या गॅलरीत फार दिसतात, नाही?’ एवढंच. त्या हसून बोलल्या, विरजणाची वाटी घेऊन गेल्या. आजीला आत्याशी काही बोलावंच लागलं नाही, कारण आत्या तिथेच मशीनवर बसलेली होती. पुढच्या बुधवारी आठ वाजता ती दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. निवडलेलेच.

सांगा गिरगावकर, यात जबरदस्ती कोणी केली? काकूंनी? त्या स्वभावाने चांगल्या होत्या. माझ्या आईच्या तिसऱ्या बाळंतपणात पंधरा दिवस आमच्या घरी भाकरी त्यांनीच थापली. तुम्ही म्हणता ते चाळीचं प्रेम मी पोटभर खाल्लेलं आहे. पण वाटी आणायला येणारा हात आणि नजर ठेवणारा डोळा एकाच माणसाचा होता, हे मी लिहायचं नाही का?

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मला पाठवत. दारोदार जाऊन ‘आमच्याकडे हळदीकुंकवाला या हं’ म्हणायचं. शेजारच्यांकडचं बोलावणंही पुष्कळदा माझ्याच गळ्यात पडायचं आणि मग मला आमच्याच खोलीच्या दारात उभं राहून म्हणावं लागायचं, ‘आजी, आई, तुम्हाला बोलावलंय.’ आत्या माझ्यापासून चार हातांवर बसलेली. तिचं नाव घ्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते आपोआप येत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला! संध्याकाळी माझ्या ओल्या हरभऱ्यांतले मूठभर मी तिच्या मशीनच्या खणात ठेवायची आणि ती ते खायची.

आणि कायदा? विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं १८९३ साली, त्यापायी त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा आमच्या चाळीत केवढा अभिमान! गॅलरीत उभं राहून सगळे ‘आपले अण्णा’ म्हणत होते. आत्या तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिचं पुन्हा लग्न करावं, हा विषय त्या गॅलरीत एकाच्याही तोंडून निघाला नाही. आमच्या घरातूनही नाही, हे मी लपवत नाही.

‘एवढा जाच होता तर खोली सोडायची’ असंही तुम्ही मध्येच लिहिलं आहे. कुठे जायचं? १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, म्हणून नव्या जागेला पागडी, म्हणजे आधीच मोजायची ठोक रक्कम, लागायची आणि कारकुनाच्या पगारात ती कुठून येणार? ज्या माणसांत जन्म काढायचा आहे, त्यांच्या कपाळावरची आठी परवडत नाही.

पाश्चात्त्य चष्म्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि मी तिच्याच डोळ्यांनी लिहिलं आहे. गणेशोत्सव, मेळे, एकमेकांच्या लग्नात राबणं, हे सगळं खरं आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्हीही लिहा.

पुढे आम्ही डोंबिवलीला ब्लॉकमध्ये गेलो. माझ्या पहिल्या पगारांतून साठवून मी आत्याला ट्रान्झिस्टर घेऊन दिला. त्या ब्लॉकला गॅलरी नव्हती, शेजारी गुजराती, त्यांना आमचं काही देणंघेणं नव्हतं. तरी जिन्यात पाऊल वाजलं की तिचा हात बटणाकडे जायचा आणि आवाज बारीक व्हायचा. ‘अगं, कोणी नाही’ म्हटलं की ‘असू दे’ म्हणायची. शेवटपर्यंत. याला तुम्ही स्वखुशी म्हणता. घरचं दुखणं म्हणता. मला याचा अतिशय राग येतो, आणि तो या उत्तरात दिसत असेल तर दिसू दे.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. तुमच्या मातोश्री ते दिवस आठवून अजून हरखून जातात, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि माझ्या वतीने एवढंच विचारा, की त्यांच्या मजल्यावर विधवा बाई कोण होती आणि हळदीकुंकवाच्या संध्याकाळी ती कुठे बसायची. त्या काय सांगतात ते इथेच लिहा.